पंचावन्न, चाळीस, वीस

अख्ख्या झाशीत बॅगेतलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही. हे मी म्हणतो. मामाजींचं म्हणणं असं की बॅगेलासुद्धा माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि मामाजी काही बोलले म्हणजे ते मोजून बोललेलं असतं. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. देवानं जग बनवलं, पण घाईघाईत ते मोजून घ्यायचं राहून गेलं, आणि तेवढं उरलेलं काम करायला त्यानं मामाजींना खाली पाठवलं, असा माझा पक्का हिशेब आहे. माझे हिशेब नेहमी चुकतात, पण हा नाही.

सगळी नोकरी त्यांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली. लोक सदऱ्याच्या खिशात पेन ठेवतात, मामाजी टेप ठेवतात. भाजी घ्यायला गेले की भोपळा हातात घेऊन आधी वजन सांगतात, मग काट्यावर ठेवायला लावतात, आणि काटा वेगळं बोलला तर भोपळा तसाच ठेवून काटा तपासतात. लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याजवळ त्यांचं घर. तिथून सदर बाजारातल्या माझ्या दुकानापर्यंत किती पावलं होतात हे त्यांना ठाऊक आहे, उन्हाळ्यातली वेगळी आणि थंडीतली वेगळी. माझं स्थळ बघायला आमच्या घरी आले होते तेव्हा मी नवा सदरा घालून, केसांना तेल चोपडून समोर उभा राहिलो. मामाजींनी मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाले, "एकसष्ट किलो." माझी आई खूश झाली, म्हणाली, "हो हो, खातो चांगला." मामाजी म्हणाले, "शिक्षण धरून."

आता माझं शिक्षण म्हणजे काय, सातवी. तीसुद्धा पुरती नाही. आमचे पूर्वज दक्षिणेतून इकडे पूजापाठ करायला आले म्हणतात, त्यामुळे बाजारात सगळे मला अजून पंडितजी म्हणतात. वडलांनी माझ्या हातात पोथी दिली. मी ती वाचली नाही, तिला चेनची पिशवी शिवून दिली. वडील म्हणाले, जा बाबा, तुझं नशीब चेनमध्येच आहे. तेव्हापासून मी बॅगा विकतो, बॅगा दुरुस्त करतो, चाकं बदलतो, बबीन्याच्या छावणीतून बदली होऊन निघालेल्या फौजी लोकांच्या ट्रंकांना कड्या लावून देतो. आमच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मामाजींनी पंगतीत श्रीखंडाचं पातेलं बघितलं आणि ओरडले, "नाशवंत माल आधी पुढे घ्या!" आणि माझी ओळख ते आजही पाहुण्यांना अशीच करून देतात, "हे आमचे जावईबापू. बेवारस मालात पडून होते, भाचीनं सोडवून घेतलं."

पार्सल ऑफिसात ज्याचा जन्म गेला त्याला जगात दोनच गोष्टी दिसतात, कुठून आणि कुठे. मामाजींच्या प्रत्येक वस्तूला पांढऱ्या कापडाची चिठ्ठी शिवलेली असते, आणि तिच्यावर पक्क्या शाईनं लिहिलेलं असतं की ही कुठून कुठे जाणार. डब्याच्या पिशवीला चिठ्ठी, चष्म्याच्या घराला चिठ्ठी. छत्रीवर लिहिलंय, 'झाशी ते झाशी'. मी एकदा शहाणपणा करून विचारलं, "मामाजी, छत्री कुठे परगावी जाते का? मग लिहायचं कशाला?" ते म्हणाले, "जाते की. रोज जाते. परत नको यायला?" तेव्हापासून मी त्यांच्या छत्रीला कधी हसलो नाही. म्हणजे त्यांच्या समोर नाही.

तर अशा या माणसाला विमानानं पोर्तुगालला जायची वेळ आली, आणि त्या वेळेत मी सापडलो.

झालं असं. मामाजींची एकुलती एक मुलगी मीनल तिकडे असते, नवरा आणि पाच वर्षांची पोरगी. नातीला मामाजींनी फोनच्या काचेतच बघितलेली. एवढ्याशा काचेवर टेप लावून तिची उंची काढायचा प्रयत्न त्यांनी केला होता, हे मी स्वतः बघितलंय. तर मामाजींच्या घरी दर भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. थोरली आणि धाकटी, दोघींचे पितळी मुखवटे. घराण्यातलं कुणीतरी सात पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून येताना ते बरोबर घेऊन आलं. तीन दिवस त्यांना साड्या नेसवायच्या, दागिने घालायचे, पुरणावरणाचं जेवायला घालायचं आणि निरोप द्यायचा. मामी होत्या तोवर मामींनी केलं. मामी गेल्यावर माझी बायको दर वर्षी तीन दिवस तिकडे जाऊन सगळं करत आली. मामाजींचं काम एवढंच, की दोघींची उंची सारखी आली का ते टेपनं बघायचं.

गेल्या वर्षी निरोपाच्या दिवशी मीनलचा फोन आला. म्हणाली, "बाबा, आता एकट्यानं किती ओढणार? पुढल्या वर्षी माझ्याकडे बसवते मी. तुम्ही त्यांना घेऊन या." मामाजींनी फोन खाली ठेवला, खिशातून टेप काढली आणि थोरलीचं नाक मोजलं. त्यावरून आम्ही समजलो की मान्य आहे. बायको तिथेच बसून साड्यांच्या घड्या घालत होती. एकच साडी तिनं तीनदा घडी केली.

मग मीनलनं तिकिटं काढली आणि कायदा समजावून सांगितला. दिल्लीहून मोठं विमान, त्यात काही चिंता नाही. पण पुढे युरोपात उतरून दुसरं लहान विमान पकडायचं, ते स्वस्तातलं, आणि ते लोक फार कडक. हातातली बॅग लांबीला पंचावन्न सेंटीमीटर, रुंदीला चाळीस, जाडीला वीस, याच्यावर नाही. दाराशी लोखंडी पिंजरा ठेवलेला असतो. बॅग पिंजऱ्यात गेली तर वर तुमच्याजवळ, नाही गेली तर काढून घेतात आणि खाली टाकतात.

"खाली मतलब?" मामाजींनी विचारलं.

"मतलब सामानात, बाबा."

"देवी सामान आहे?"

सामानाबद्दल मामाजींना कुणी काय सांगावं! ते मला म्हणाले, "जावईबापू, पेटीवर 'नाजूक' लिहिलं की हमाल ती जास्त जोरात टाकतो. लिहिल्यामुळेच त्याला कळतं ना, की आत काहीतरी आहे." आणि त्यांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, की बॅग त्या पिंजऱ्यात गेली नाही तर ते पुढे जाणार नाहीत. त्या दारातूनच परत. ते आणि त्या दोघी. नात पुढच्या विमानतळावर उभी असली तरी परत. मीनल फोनवर रडकुंडीला आली. पण मामाजींनी कागदावर तीन आकडे लिहून देवघरात चिकटवले आणि सकाळी स्तोत्र म्हणून झालं की शेवटी तेही म्हणायला लागले, "पंचावन्न, चाळीस, वीस."

मी म्हटलं, मामाजी, घरचा बॅगवाला असताना फिकीर कसली? दुकानातली सगळ्यात झकास वीस इंची काढून दिली. चार चाकं, ओढायचा दांडा, निळा रंग. वीस इंच म्हणजे साधारण एकावन्न सेंटीमीटर, पंचावन्नाच्या आत. एवढं गणित मला येतं, कारण मोबाईलला येतं. मामाजी बॅग घेऊन गेले. मी बायकोला सांगितलं, "तुझ्या मामांनी पहिल्यांदा माझी वस्तू मोजली नाही." बायको म्हणाली, "घरी जाऊन मोजतील." तीसुद्धा त्यांचीच भाची.

चार दिवसांनी मामाजी एका ऑटोतून उतरले. हातात निळी बॅग, आणि मागे ऑटोवाला एक लोखंडी पिंजरा उचलून आणतोय. मामाजींनी स्टेशन रोडच्या वेल्डिंगवाल्यासमोर दोन दिवस बसून तो करून घेतला होता. आतून बरोबर पंचावन्न, चाळीस, वीस. वेल्डिंगवाल्यानं एका कोपऱ्यात टाका जास्त घातला होता, तो घासून काढायला लावला. पिंजरा दुकानाच्या मधोमध ठेवला आणि विचारलं,

"जावईबापू, ही किती इंची?"

"वीस इंची."

"टाका."

मी टाकली. बॅग आत गेली आणि चारही चाकं वर राहिली, दोन बोटं. पाठीवर उताण्या पडलेल्या शेळीसारखी ती बॅग चाकं वर करून पडली.

"मामाजी," मी म्हटलं, "चाकं सोडून मोजतात. सगळ्या बाजारात हाच कायदा आहे. इथून दिल्लीपर्यंत कुणालाही विचारा, बॅगवाला चाकं कधी धरत नाही."

"असं का? मग चाकं तुमच्या दुकानात ठेवतो आणि बॅग पोर्तुगालला नेतो."

"तसं नाही…"

"पार्सल ऑफिसात कुणी सायकल घेऊन आला आणि म्हणाला, बाबूजी, चाकं धरू नका, तर त्याला मी काय म्हणायला पाहिजे होतं?"

शेजारचा चपलेचा दुकानदार हे सगळं बघत उभा होता. तो म्हणाला, "पंडितजी, एक बार खुद को भी डाल के देख लो." दुकानात एक सुभेदाराची बायको आली होती, मूळची साताऱ्याकडची. ती म्हणाली, "भैया, माझी पण टाकून बघा ना, मागच्या महिन्यात तुम्हीच दिलेली." टाकली. चाकं वर. तिच्या बहिणीची टाकली. चाकं वर. मग बातमी कशी पसरली देव जाणे, ज्याला फक्त ग्वाल्हेरला जायचंय तोसुद्धा येऊन माझ्याच दुकानात मीच विकलेली बॅग पिंजऱ्यात टाकून बघायला लागला आणि माझ्याकडे संशयानं बघत परत जायला लागला. तो महिना मी फक्त कुलपं विकली. कुलपाला चाकं नसतात.

मग मला जोर चढला. म्हटलं, विकतची बॅगच नको, मी शिवतो. चाकं नाहीत, दांडा नाही, जाड कॅनव्हास, आतून फोम, खांद्याला पट्टा. पिंजऱ्याचंच माप घेतलं आणि आतून बरोबर तेवढी शिवली. कापडाला स्वतःची जाडी असते, फोमला असते, शिवणीला असते, हे मला इतक्या वर्षांच्या धंद्यामुळे माहीत होतं, पण शिवताना आठवलं नाही. बॅग पिंजऱ्यात दाबून घातली तर गेली. पण मग बाहेर येईना. मी एका बाजूनं, चपलेवाला दुसऱ्या बाजूनं, मामाजी मधे उभे राहून किती ओढ लागतेय त्याचा अंदाज सांगताहेत. शेवटी शिवण फाडून काढली. मामाजी म्हणाले, "छान. चोरी नाही व्हायची."

दुसरी बरोबर आली. पिंजऱ्यात अशी अलगद उतरली की मी स्वतःची पाठ स्वतःच थोपटली. दुसरं कुणी पुढे येईना. बॅग घेऊन बायको आणि मी मामाजींच्या घरी गेलो, कारण मुखवटे दुकानात आणायला त्यांनी साफ नकार दिला होता. देवीनं बॅग बघायला बाजारात जायचं नसतं, बॅगेनं यायचं असतं. बायको थेट मुदपाकखान्यात शिरली. स्वयंपाकघराला त्या घरात अजून मुदपाकखाना म्हणतात, मग तिथे एकाच माणसाची खिचडी का शिजेना. मामाजींनी थोरलीला पाटावरून उचललं आणि बॅगेत पाठीवर ठेवलं. चेन ओढली. चेन अर्ध्यात अडली.

नथ. थोरलीची नथ एक बोट बाहेर.

"नथ काढू या," मी म्हटलं.

"डाग देऊन पक्की जोडलेली आहे. सात पिढ्यांत कुणी काढली नाही. मी विमानवाल्यासाठी काढू?"

"मग पालथी ठेवू."

मामाजींनी चष्मा खाली घेतला. "जावईबापू, तोंडघशी पाडून नेणार तिला? बरं, तेही बाजूला राहू द्या. माणूस पालथा झोपला म्हणून त्याचं नाक कमी होतं का? जाडी तेवढीच."

मी विचार केला. मी विचार करतो तेव्हा घरचे लोक वस्तू आवरून ठेवतात. मी म्हटलं, "मग बॅगेला त्या जागी एक भोक पाडतो. नथ तेवढी बाहेर. वरून छोटीशी टोपी शिवतो."

मामाजी पाटावर बसले. टेप हातात तशीच उघडी. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं बघितलं, मोजायला काही उरलं नाही असं. प्रवासाला आठ दिवस राहिले होते. हळूच म्हणाले, "मीनलला सांगायला पाहिजे. पोरीला उगाच विमानतळावर आणू नको म्हणावं."

तेवढ्यात बायको बाहेर आली. हाताला कणीक. तिनं बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "कुशीवर ठेवा ना."

"काय?"

"कुशीवर. माणसं झोपतात तशी. कान खाली." आणि कणकेचा हात लागू नये म्हणून कोपरानंच दाखवलं. "ही इकडून, ती तिकडून. समोरासमोर."

मामाजींनी टेप लावली. थोरलीचं एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत साडेसतरा. धाकटीचं सतरा. नाकासाठी लांबीची बाजू मोकळी, हवी तेवढी. दोघींना कुशीवर ठेवलं, तोंडं समोरासमोर. मधे मामींची जुनी इरकल घडी करून घातली. चेन अशी सरकली जशी शाळेतून मी सरकायचो, आवाज न करता. मामाजींनी बंद चेनीवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "रस्ता लांब आहे."

बायको म्हणाली, "बहिणी बहिणी आहेत मामा. बोलत जातील." आणि परत कणीक मळायला निघून गेली. मी महिनाभर दोन बॅगा शिवल्या, त्यातली एक फाडली, पिंजरा तोडायच्या बेतात होतो, आणि हिनं पोळ्या लाटायच्या आधी काम संपवलं. वर जेवताना मला विचारते, "तुम्ही नक्की बॅगांचंच दुकान चालवता ना?"

जायच्या दिवशी मामाजी स्टेशनवर आले ते बघून हमालही बाजूला झाले. बॅगेत दोघी बसल्यावर कपड्यांना जागा कुठली? म्हणून दोन सदरे, त्यावर स्वेटर, त्यावर कोट, कोटाच्या सगळ्या खिशांत मोजे आणि धोतर, आणि झाशीचा श्रावणातला उकाडा. घामानं डबडबले होते, पण चेहरा निवांत. म्हणाले, "बॅगेचं वजन धरतात. माणसाचं कुणी धरत नाही." येताना वाटेत ऑटो थांबवून ते माझ्या दुकानाच्या खिळ्याला छत्री टांगून आले होते. तीनही आकड्यांत बसत नव्हती.

मी बॅग उचलून गाडीत ठेवायला गेलो तेव्हा पट्ट्यावरची चिठ्ठी दिसली. मला वाचायला जरा वेळ लागतो, पण तेवढं वाचलं. 'झाशी ते पोर्तुगाल'. चिठ्ठी पालटून बघितली, मागे कोरी. मामाजींच्या कोटाच्या आतल्या बाजूलाही चिठ्ठी होती, ती मी स्वेटरवरून वाकून वाचली. तिच्यावर 'झाशी ते झाशी'. म्हटलं, "मामाजी, बॅगेवर परतीचं लिहायचं राहिलं."

"राहिलं नाही," ते म्हणाले. "सोडवून घेणारा तिकडे आहे. माल एकदा सुटला की सुटला."

बायकोनं पुडीतलं हळदकुंकू काढून बॅगेला लावलं. निरोप देताना दर वर्षी ती दोघींना 'पुन्हा या' म्हणते. तोंड उघडलं, चिठ्ठीकडे नजर गेली, आणि तिनं पदरानं बोटं पुसली. गाडी हलली. मामाजी दारातून ओरडले, "चार मिनिटं उशिरा!"

तिसऱ्या दिवशी मीनलच्या फोनवरून मामाजी तारेसारखं बोलले. "माल पोचला. नग दोन. मोडतोड नाही." आणि फोन ठेवला. दाराशी काय झालं, पिंजऱ्यानं काय केलं, काही नाही. फोनवर लांब बोलणं त्यांना उधळपट्टी वाटते, कुणाचं बिल येत नाही हे सांगूनसुद्धा.

महालक्ष्म्यांचा दिवस आला. इतक्या वर्षांत त्या दिवशी माझी बायको मला दिसली नव्हती. तिकडे सोळा भाज्यांच्या आणि पुरणाच्या मागे असायची. या वर्षी दुपारी ती दुकानात येऊन बसली. काही काम नव्हतं. पिंजऱ्याशेजारी स्टूल घेतलं, माझ्याकडच्या सगळ्या चेना एकदा उघडून लावून बघितल्या. मग फोन वाजला. काचेत मीनलचं घर, आणि समोर दोघी उभ्या. साड्या नेसून, हार घालून, नथ चमकतेय. बायकोनं फोन दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांपाशी नेला.

"मीनल, थोरलीचा पदर डावीकडे ओढ. अजून. अगं तिची डावी, तुझी नाही. आता खांद्याशी टाच. बस. तिला तस्साच लागतो."

"असा का गं ताई?"

"हं. असाच." तिकडे नात मधेच आली, थोरलीच्या नथीला बोट लावलं आणि पळाली. कुणी तिला रागावलं नाही.

मग मामाजी दिसले. एकाच सदऱ्यात, जरा बारीकच वाटले. बायकोनं विचारलं, "मामा, परत कधी?" ते म्हणाले, "छत्री आहे ना तुमच्याकडे? मग?" आणि त्यांनी आपण होऊन हकीकत सांगितली. दिल्लीत मशीनवर बसलेल्या जवानानं पडद्यावर दोन चेहरे समोरासमोर बघितले, आणि बिचारा खुर्चीतून उठून हात जोडून उभा राहिला. पुढे त्या लहान विमानाच्या दाराशी खरंच पिंजरा होता. बाईनं खूण केली, मामाजींनी बॅग घातली. आवाजसुद्धा झाला नाही. बाई म्हणाली, जा. पण मामाजी जातील कसे? त्यांनी खिशातून टेप काढून तिचा पिंजरा मोजला. मागे माणसांची रांग. आणि काय निघालं? लिहिलेलं पंचावन्न, पिंजरा अठ्ठावन्न. बांधणाऱ्यानं दोन बोटं जास्तच ठेवला होता. मामाजींनी तिला टेप दाखवली, आकडा दाखवला. तिनं हसून त्यांना अक्षरशः हाताला धरून विमानात नेऊन बसवलं. म्हणाले, "जागेवर पोचवणं तिचं काम नव्हतं. पण केलं."

मी ऐकलं आणि माझ्या डोक्यात एकदम बल्ब पेटला. क्वचित पेटतो, म्हणून मला लगेच कळतं. मी बायकोच्या हातातून फोन ओढला, चपलेवाल्यालाही ऐकू जावं म्हणून उभा राहिलो आणि ओरडलो, "म्हणजे मामाजी, माझी निळी वीस इंची चाकांसकट बसली असती! दोनच बोटं वर येत होती ना? मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो!"

मामाजींनी चष्मा खाली घेतला आणि हजारो मैलांवरून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बसली असती, जावईबापू," ते म्हणाले. "पण ते चुकले म्हणून. तुम्ही बरोबर होता म्हणून नाही."